थट्टेतला जावई

आम्ही देश सोडला तेव्हा बरोबर काय काय घेतलं ते मला अजून तोंडपाठ आहे. दोन बोचकी, एक कुदळ, बाबांची गवती टोपी, आईचं पीठ घोटायचं लाकडी उलथणं, मी, आणि माझी धाकटी बहीण तिपोको. याखेरीज बाबांनी आपली थट्टा करायची सवयही बरोबर घेतली. सीमेवरच्या शिपायाने बोचकी उचकटून बघितली, पण ती काही त्याला सापडली नाही. सापडती आणि तो ती ठेवून घेता, तर बरं झालं असतं. बाकीचं बरंच त्याने ठेवून घेतलंच होतं.

ही थट्टा म्हणजे साधी थट्टा नव्हे. आम्ही मोसी जमातीचे. आमच्या गावाच्या पश्चिमेला सामो लोकांची वस्ती. त्यांच्या आणि आमच्या पूर्वजांनी कधीतरी ठरवून टाकलं की एकमेकांना वाटेल ते बोलायचं, एकमेकांच्या घरातून वाटेल ते उचलायचं, आणि रागवायचं मात्र नाही. जो रागावला तो हलका. आमचा शेजारी तोए सामो होता. तो सकाळी कुंपणाशी उभा राहून विचारायचा, "काय रे यांबा, माझा गुलाम अजून झोपलाय वाटतं?" बाबा आतून म्हणायचे, "कुत्र्याची मुंडकी खाणाऱ्या, आधी तोंड धुऊन ये." मग दोघं एकाच भांड्यातून दोलो, म्हणजे ज्वारीची दारू, प्यायचे.

तिपोको जन्मली त्या दिवशी तोए अंगणात येऊन म्हणाला होता, "माझी बायको जन्मली म्हणे. बघू." बाबा म्हणाले, "आत्ताच घेऊन जा. माझी बाजरी तरी वाचेल." पुढे सात वर्षं तिपोको तोएला "ए म्हाताऱ्या नवऱ्या" अशीच हाक मारत होती, आणि तो तिला शेंगदाणे देत होता. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. तोएला चार बायका आणि अकरा नातवंडं होती. आमच्याकडे प्रत्येक मुलीला असा एक थट्टेतला नवरा असतोच. खरा मिळतो तेव्हा हा पोटभर जेवून जातो.

आम्ही निघालो त्या दिवशी तोए लॉरीपुढे आडवा झाला. "माझे गुलाम पळून चाललेत, कुणीतरी धरा," म्हणून ओरडला. आमची शेवटची कोंबडी घेतल्यावरच उठला. आई हसता हसता रडली. बाबा नुसतेच हसले.

ते १९६४ साल. दक्षिणेला समुद्राच्या अंगाला एक देश आहे आणि तिथे काठी रोवली तरी तिला कोकोची फळं लागतात, असं बाबांनी ऐकलं होतं. हे बहुतेक खरं निघालं. काठीऐवजी रोप लावावं लागलं, एवढाच फरक.

त्या जंगलातल्या गावात आम्हाला किप्रेने जागा दिली. तिकडची रीत अशी होती की परक्याला जमीन देईल तो त्याचा पालक. कागद नाही, काही नाही. पालकाला मान द्यायचा, सणाला कोंबडं न्यायचं, आणि तो राहा म्हणेल तोवर राहायचं. किप्रे चाळिशीचा होता, उंच, कमी बोलणारा. त्याने बाबांना झाडी दाखवली आणि म्हणाला, "तुझे हात जेवढं तोडतील तेवढं तुझं." बाबांनी तोडायला सुरुवात केली.

माती चांगली, पाऊस चांगला, पण बाबा वाळत चालले. आईला वाटलं ताप आहे. ताप नव्हता. तीन महिन्यांत त्यांना कुणाला शिवी देता आली नव्हती.

"कुका," ते मला म्हणायचे, "या लोकांना हसायला कुणी शिकवलं नाही का रे?"

"हसतात की, बाबा."

"कशावर?"

"तुम्ही गेल्यावर."

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पोरांत खेळून खेळून तीन महिन्यांत मला तिकडची भाषा येऊ लागली होती. तिकडे मोठ्या माणसांपुढे कामाचं बोलणं कुणी स्वतःच्या तोंडाने करत नाही, मधे एक बोलणारा लागतो. आमच्या घरात दुसरं कुणी नसल्याने बाबांचा बोलणारा मीच झालो. हे काम पुढे मला जन्मभर पुरलं.

एका दुपारी आम्ही चौघं किप्रेच्या अंगणात गेलो. गावचे पाच-सहा वडीलधारे ताडी पीत बसले होते. किप्रेने भाजलेलं एक केळं तिपोकोला दिलं. तिने ते खाल्लं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. बाबांचा चेहरा उजळला. तीन महिन्यांनी त्यांना संधी दिसली.

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "म्हणावं, खाऊ घालतोसच तर घेऊनच जा. बायको तुझी. माझी बाजरी वाचेल."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला. बाजरी तिकडे कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून तेवढी वगळली. "बाबा म्हणतात, ही तुमची बायको. घेऊन जा."

कुणी हसलं नाही. ताडीचा वाडगा फिरत होता तो थांबला. किप्रे उठला, घरात गेला, शब्द पक्का करताना फोडतात ते पांढरं कोलाफळ घेऊन आला. सगळ्यांसमोर त्याने त्याची दोन शकलं केली, एक बाबांच्या हातावर ठेवलं, एक स्वतः चावलं. मग निळ्या मण्यांची एक माळ तिपोकोच्या गळ्यात घातली. म्हणाला, "मोठी होईपर्यंत तुमच्याकडेच राहू दे."

बाबांनी कोला चावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी येताना ते आईला म्हणाले, "माणूस मिळाला. चेहरा बघ कसा ठेवतो. तोएला नाही जमायचं."

दुसऱ्या आठवड्यात किप्रेने ओढ्यापर्यंतची झाडी आमच्या हद्दीत घातली. बाबांनी मानलं की थट्टेला उत्तर म्हणून घातली. एवढी लांबलचक थट्टा करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्यांचा आदर आणखी वाढला.

तिपोकोने आपल्या परीने साथ दिली. सकाळी ती किप्रेच्या अंगणात पाणी घेऊन जायची आणि म्हणायची, "उठ, म्हाताऱ्या नवऱ्या." तिकडची भाषा ती माझ्यापेक्षा चांगली बोलायची. किप्रे पाणी प्यायचा. कधी एखादा मासा द्यायचा.

दुसऱ्या वर्षी किप्रेच्या थोरल्या बायकोने मला वाटेत थांबवलं. "तुझ्या बहिणीला केळी कुटायला शिकवा हो. इथं आल्यावर मी किती शिकवू? आणि ती चुलीमागची खोली मी झाडून ठेवलीय तिच्यासाठी. गळते जरा, पण तोवर शाकारून घेऊ."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रोपांना सावली करत होते. रोपं गुडघ्याएवढी झाली होती. बाबांनी आणखी एक झावळी रोवली. बोलले ते रोपांकडे बघूनच.

"म्हणजे त्याला कळलंच नाही."

"नाही, बाबा."

"इतका मोठा माणूस." मग म्हणाले, "आत्ता सांगितलं तर त्याला लाजल्यासारखं होईल. झाडांना एकदा फळ धरू दे. मग हसत हसत सांगू."

आईने त्या दिवशी जेवण वाढताना विचारलं, "आणि फळ धरल्यावर सांगाल?"

"सांगेन म्हटलं ना."

"पोरगी झाडाआधी वाढते हो."

"तुला झाडातलं काय कळतं?"

चौथ्या वर्षी फळ धरलं. मग पहिली काढणी नीट होऊ दे, असं ठरलं. मग आई आजारी पडली, आणि किप्रेनेच तिला खुर्चीत बसवून चार माणसांच्या खांद्यावरून दवाखान्यात पोचवलं. अशा वेळी काय सांगायचं? आई गेली तेव्हा खड्डाही त्याच्याच लोकांनी खणला. मग एक वर्ष सुतकात गेलं. दरम्यान मला शाळा. किप्रेचा भाचा तालुक्याच्या गावात कचेरीत होता, त्याच्याकडे माझी राहायची सोय झाली. मेहुणा म्हटल्यावर होणारच. मीही स्वतःशी ठरवलं होतं की दाखला हातात पडला की आपणच सांगायचं. दाखला पडला. पण त्या सुट्टीत फार उकडत होतं.

मला वाटतं तिपोकोला मी बारा वर्षांत एकदाच विचारलं. ती तेव्हा पंधराची असेल. ओढ्यावर कपडे धूत होती.

"तू त्याला अजून नवरा म्हणतेस?"

"मग काय म्हणू? तोएला म्हणायचेच की." तिने कपडा पिळला. "दादा, मला ना मडावानं बोलावलंय तालुक्याला, ती शिवणवाली मडावा. दोन वर्षं हाताखाली राहायचं, मग आपलं मशीन. बाबांना सांगशील? तू सांगितलंस की ते ऐकतात."

"सांगतो."

"विसरशील."

"नाही विसरत."

बाबांना मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तालुक्याला गेली तर किप्रेला काय वाटेल?" म्हणून शिवणकाम घरीच बरं, असं ठरलं. मडावाने तिला एक जुनी कात्री देऊन ठेवली होती. तिपोकोने त्या कात्रीने सगळ्या गावाच्या पोरांचे कपडे बेतले आणि हाताने शिवले. ती मशीनची वाट बघत होती. आम्ही वाट बघत होतो ती कशाची, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. किप्रे मरेल याची असावी. त्याची तब्येत उत्तम होती.

बाराव्या वर्षी, काढणी झाल्यावर, किप्रे आला. बरोबर दोन भाऊ, थोरली बायको, डोक्यावर कापडाची गाठोडी घेतलेल्या तीन बायका, आणि त्याच्या बाजूने बोलणारा एक म्हातारा. मी सुट्टीवर आलेलो. मला कोर्टात दुभाष्याची नोकरी लागायची होती, आणि किप्रेच्या भाच्याने साहेबाच्या कानावर घातलं होतं. बाबांची झाडं ओढ्यापर्यंत पोचली होती. आमच्या मुलखातून नंतर आलेले मोसी आमच्या शेताला "यांबाचं राज्य" म्हणत.

तिपोको एकोणीस वर्षांची. ती पाण्याचं मडकं घेऊन पाहुण्यांना पाणी देत होती. गाठोड्यातलं एक कापड तिने बोटांनी चाचपून बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "माल चांगला आहे. कुणाचं लग्न?"

म्हाताऱ्याने बोलणं सुरू केलं. कोला फोडला त्या दिवसापासून सांगितलं, कोण कोण हजर होतं तेही. शेवटी म्हणाला, "बायको मोठी झाली. किप्रे न्यायला आलाय. बापाचं काय म्हणणं आहे?"

तिपोकोच्या हातातलं पाणी ज्या वाडग्यात पडत होतं तो भरून सांडायला लागला.

बाबा हसले. आधी बारीक, मग मोठ्याने. बारा वर्षं राखून ठेवलेलं हसू होतं. समोर कुणीच हसत नाही म्हटल्यावर ते हळूहळू उतरलं. ते माझ्याकडे वळले. रीतीप्रमाणे मीच बोलायचं होतं.

"कुका, सांग त्याला," बाबा आमच्या भाषेत म्हणाले. "आमच्याकडे ही थट्टा असते म्हणावं. तोएचं सांग. पोरगी शिवणकामाला जायचीय, तेही सांग. आणि त्याचे उपकार मी विसरलो नाही म्हणावं."

सांगायला हवं होतं ते सगळं त्यात होतं. मी किप्रेकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, अगदी शांत, पुढे जरा वाकून, ऐकायला म्हणून वाकतात तसा. त्याच्या खांद्यामागे आमची झाडं दिसत होती. नुकती छाटलेली, रांगेत.

मी म्हणालो, "बाबा म्हणतात, एवढा उशीर झाला त्याबद्दल माफी असावी. मुलगी तुमचीच आहे."

आता यातली गंमत अशी की बाबा बारा वर्षं त्या गावात राहिले होते. बाजारात, शेतावर ते तिकडची भाषा बोलत. मी काय सांगितलं ते त्यांना शब्दन्‌शब्द कळलं. ते सांगू शकत होते की पोराने चूक केली. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यातली एक सुटलेली काडी आत खोचली. एवढंच केलं.

किप्रे अजून थोडा वेळ तसाच वाकून बसला. मग सरळ झाला. म्हणाला, "ठीक आहे."

तिपोकोने मडकं खाली ठेवलं. "छान सांगितलंस, दादा," ती म्हणाली आणि आत जाऊन कात्री घेऊन आली. दुसरं काही घेतलं नाही. चुलीमागची खोली अजून गळत होती, असं पुढे ऐकलं.

नोकरी मला त्याच महिन्यात लागली. अठ्ठावीस वर्षं केली. मी सांगितलेलं चुकीचं आहे अशी कुणाची तक्रार कधी आली नाही.

बाबा आणखी चौदा वर्षं जगले. ते वारले तेव्हा आसपासच्या गावांतले सगळे मोसी जमले. झाडांच्या कडेला खड्डा खणला. सगळं होतं, पण मयत ओकंबोकं वाटत होतं, कारण सामो नव्हते. आमच्याकडे मयताला थट्टेतले सोयरे लागतात. ते मेलेल्याचे कपडे घालतात, त्याची नक्कल करतात, खड्ड्यात उतरून आडवे होतात आणि मागितलेलं मिळेपर्यंत उठत नाहीत. रडणारी माणसं त्यामुळे हसतात. बाबांना खदखदून हसवत पोचवायला तोए हवा होता, आणि तोए मरून दहा वर्षं झाली होती.

किप्रे आला. पासष्टीच्या पुढे गेला होता, काठीच्या आधाराने चालत होता. त्याच्या मागून तिपोको आली. मधल्या काळात ती घरी फार कमी यायची. ती सरळ बाबांच्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती त्यांची टोपी आणि चपला घालून. बाबांसारखी पाठीत वाकून चालली. नाक तसंच ओढलं. जमलेल्यांत कुणीतरी फिसकन हसलं.

"एक पोरगी आहे," ती बाबांच्या आवाजात म्हणाली. "कोण नेतो? फार खाते. घेऊन जा, माझी बाजरी वाचेल."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. म्हातारे मोसी एकमेकांना धरून हसत होते. एकजण डोळे पुसत मला म्हणाला, "हिला हक्क आहे बाबा. थट्टेतल्या नवऱ्याच्या घरची झाली ना ही. सामोच झाली."

मग ती खड्ड्यात उतरली आणि आडवी झाली. टोपी तोंडावर घेतली.

"उठ," लोक म्हणाले, "काय हवं ते माग."

"माझा भाऊ कुठेय? बोलणारा?"

मला पुढे ढकललं. मी काठाशी उभा राहिलो.

"दादा, लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी किप्रेला सगळं सांगितलं. थट्टा होती म्हटलं. तो म्हणाला, मला माहीत होतं. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीच कळलं, तुमचे लोक गावोगावी हेच बोलत फिरतात. मी वाट बघत होतो तुम्ही कधी सांगता त्याची. त्या दिवशी सांगितलं असतं तर हसलो असतो आणि कापड पोरीलाच देऊन परत गेलो असतो."

आमचे लोक हसत होते. त्यांना वाटत होतं फारच रंगात आलीय. मी विचारलं, "आणि जमीन?" कसा कुणास ठाऊक, तोंडातून हेच गेलं.

"तेच मी विचारलं त्याला. म्हणाला, जमीन? ती कशाला परत घेतली असती? जंगल काय कमी होतं तेव्हा?" तिने टोपी जराशी वर केली. "मग मला का आणलंत, असंही विचारलं. म्हणाला, माझ्या सगळ्या माणसांसमोर तुझ्या भावाने माफी मागितली, मी नाही कसं म्हणणार?"

खड्ड्यातली माती ओली होती. तिच्या कोपराला लागली होती.

"आता हे माझ्या सासरच्या लोकांना सांग," ती म्हणाली. "मी आत्ता बोलले ते, त्यांच्या भाषेत. मग उठते. दुसरं काही नको."

किप्रेचे लोक पलीकडच्या काठावर उभे होते, काय चाललंय ते न कळून. किप्रे काठीवर वाकला होता, ऐकायला म्हणून वाकतात तसा. नवे वडीलधारे होते, किप्रेचे पुतणे होते. त्यांना जंगल पुरेनासं झालं होतं, आणि परक्यांकडे जमिनी कशा कशा गेल्या याची ते चौकशी करत होते. माझं घर त्या झाडांतच होतं. पोरं होती.

मी म्हणालो, "ती म्हणते, बाबा फार भले होते. तुमचे उपकार ती विसरली नाही."

तिकडच्या लोकांनी माना डोलावल्या. किप्रेने डोलावली नाही. त्याने तिपोकोकडे बघितलं, आणि चौदा वर्षं संसार केलेल्या माणसाला बायको जे शिकवते त्या आमच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "ऊठ. सर्दी होईल."

तिने हात वर केला. मी तिला बाहेर ओढलं. चांगली जड झाली होती. तिने कपड्यांची माती झटकली, टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, जराशी तिरकी करून बघितली आणि म्हणाली, "बसली."

आमचे लोक पुन्हा हसले. मीही हसलो. रागवायचं नसतं.

किप्रे नंतर दोन वर्षांनी गेला. तिपोको आता तालुक्याला असते, तिच्याकडे तीन मशीनं आणि पाच शिकाऊ पोरी आहेत. दर वर्षी पहिली फळं फोडायच्या दिवशी ती येते. मजुरांसमोर उभी राहून विचारते, "काय, माझा गुलाम अजून झोपलाय वाटतं?" मग खुराड्याशी जाते आणि एक कोंबडी उचलते. मी हसतो. बारा वर्षं झाली, एकदाही चुकली नाही. सगळ्यात चांगली अंडी देणारी कोणती, ते तिला बरोबर कळतं.